साध्या पाण्याची ओळ

मी ज्या कॉलेजात शिकले, त्याच कॉलेजच्या बागेत माझे बाबा माळी होते. हे मी कधी लपवलं नाही. कुणी दबक्या आवाजात विचारलंच तर मुद्दाम मोठ्यानं सांगायचे. सत्तरच्या दशकातलं नागपूर, एम.एस्सी.चं शेवटचं वर्ष. सकाळी बाबा सायकल हाणायचे, मी मागे कॅरिअरवर. फाटकातून आत शिरलो की ते वाफ्यांकडे वळायचे आणि मी पांढरा कोट चढवून प्रयोगशाळेत.

माझा विषय होता मुळं. झाडाच्या शेंड्यात आणि कोवळ्या पानांत ऑक्झिन नावाचं द्रव्य तयार होतं. ते खाली उतरतं आणि मुळं कुठे, किती फुटायची हे बरंचसं तेच ठरवतं. छाटलेल्या फांदीला हेच द्रव्य बाहेरून दिलं तर मुळं किती धरतात, ते मला पाहायचं होतं. लिंबाच्या फांद्यांच्या मी तीन ओळी लावल्या. एकीची बुडं कडक द्रावणात भिजवलेली, दुसरीची मध्यम, आणि तिसरीची नुसत्या पाण्यात. या तिसरीशी ताडून पाहिल्याशिवाय पहिल्या दोघींना काही अर्थ नसतो. झारीनं पाणी घालायचं काम अर्थात बाबांचं.

माझ्या मार्गदर्शक सरांनी बजावलं होतं की या हंगामात आकडे आले नाहीत तर वर्ष गेलं. आणि पुढच्या वर्षी माझं लग्न, हे आईनं परस्पर ठरवून टाकलं होतं. म्हणजे वर्ष गेलं की पदवी गेली.

दीड महिन्यानं सरांसमोर फांद्या उपटल्या. कडक द्रावणाच्या ओळीची बुडं आल्याच्या गड्ड्यासारखी फुगलेली, मुळं जेमतेम. मध्यम ओळ बरी. आणि नुसत्या पाण्याच्या ओळीला पांढऱ्याशुभ्र मुळांचे झुपके! माझं डोकंच फिरलं. सर म्हणाले, "साध्या पाण्यानं एवढं होतंय, तर तुझ्या औषधाचा उपयोग काय?" मी ओळींच्या पाट्यांची अदलाबदल करणाऱ्या कुणा अज्ञात माणसाचा उद्धार सुरू केला.

बाबांनी झारी खाली ठेवली आणि पुढे आले.

"साहेब, पोरीची चूक नाही. मीच टाकत होतो. शेडमदल्या बरणीत तिचं उरलेलं औषध होतं न, ते. एका झारीत दोन बुचं. रोज."

"काहून पण?" मी किंचाळलेच.

"एकाच वाफ्यातली लेकरं वं. दोन ओळींले औषध अन् तिसरीले नुसतं पाणी? मले नाही पाहवलं."

मी इतकी संतापले की त्या दिवशी कॅरिअरवर बसले नाही. पायी निघाले. बाबा सायकल हातात धरून दहा पावलं मागून चालत राहिले. लहानपणी त्यांच्या गावात त्यांना विहिरीला हात लावता येत नसे. कुणीतरी वरून ओंजळीत ओतेल तेवढंच पाणी. हे मला ठाऊक होतं, पण माझ्या वाफ्याशी मी ते कधी जोडलं नव्हतं. आणि नोकरीवर गदा येऊ शकत असताना हा माणूस साहेबासमोर उभा राहून खरं बोलला होता. निम्म्या वाटेत राग विरला आणि अभिमान वाटू लागला. मी थांबले, कॅरिअरवर बसले.

दुसऱ्या दिवशी सरांनीच बाबांना बोलावून दोन बुचांचा हिशेब नीट समजून घेतला. मूळ फुटायला ऑक्झिन लागतं, पण जास्त झालं की तेच मुळांची वाढ रोखतं. मी घटाघटा पाजत सुटले होते, बाबांनी नकळत मोजकं दिलं होतं. सरांनी परीक्षेच्या तोंडाशी का होईना, पुन्हा लावायला परवानगी दिली. या वेळी चार ओळी. चौथी बाबांच्या मापाची.

"आणि साध्या पाण्याला हात लावायचा नाही," मी दम भरला.

"नाही लावत," ते म्हणाले. त्या ओळीला पाणी घालताना ते तिच्याकडे बघतसुद्धा नसत.

चौथी ओळ सगळ्यांत सरस निघाली. साध्या पाण्याला चार-दोन केसाएवढी मुळं. आकडे लिहून झाले, सरांनी सही केली, आणि माझ्या प्रबंधात ते द्रावण कुणाच्या हातून सापडलं हे मी पहिल्याच पानावर लिहिलं. खाली 'माझे वडील, या बागेचे माळी' असंही.

मोजून झालेल्या फांद्या फेकून द्यायच्या असतात. मी वही मिटून वळले तर साध्या पाण्याची ओळ पुन्हा मातीत उभी होती.

"झाली मोजणी?" बाबांनी विचारलं.

"झाली."

"मंग आता देऊ का यायले दोन बुचं?"

"द्या," मी म्हणाले. झारी त्यांनी आधीच भरून ठेवली होती.