मामाआक्काचा हिरवा चुडा

भर बाजारात, माझ्या बांगड्यांच्या पालासमोर, आक्काच्या पुतण्याने तिचे दोन्ही हात धरून दगडावर आपटले. हिरव्या काचा माझ्या फडक्यावर उडाल्या, मागून रक्त आलं.

"आता बाप्यावानी ऱ्हायाचं!" तो ओरडला. "माझं लगीन ठरतंय, लोक हसत्यात. बांगड्या तरी सोड, न्हाईतर घरात तरी ऱ्हा."

सुप्याच्या कारखान्यात नोकरी लागल्यापासून या पोराला लोक फार दिसायला लागले होते.

काष्टीच्या पंचक्रोशीत तिच्याइतकं हट्टी माणूस दुसरं झालं नाही. निम्मं आयुष्य मी तिचं मनगट धरत आले, मला ठाऊक आहे. जन्माला मुलगा म्हणून आली. मिसरूड फुटायच्या वयात देवीने धरलं असं घरच्यांनी सांगितलं आणि गावाने मान डोलावली. तेव्हापासून अंगावर लुगडं, कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात जोगव्याची परडी आणि कमरेला तंबाखूची चंची. पुरुष तिला मामा म्हणत, बायका आक्का, आणि ती दोन्ही हाकांना ओ देई. लग्नात आधी पुरुषांच्या पंगतीला जेवायची, मग हात धुऊन बायकांच्या पंगतीला बसायची. वाढपी कुरकुरला की म्हणायची, "मगाशी मामा जेवला. आक्का अजून उपाशी हाय." औत धरून धरून तिचा पंजा फावड्याएवढा झालेला, पण बांगडी लहानच हवी. "घट्ट भर चाची, सैल बांगडी मेली वाजत न्हाई." मी साबण लावून बांगडी चढवायची, ती माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करायची आणि मग हात वाजवून लहान पोरीसारखी हसायची.

मध्यंतरी पुण्याहून एक शिकलेली बाई आली. बाई वाईट नव्हती, पण इंग्रजीतला एक लांबलचक शब्द घेऊन आली होती आणि तो हिच्या अंगावर चढवायचाच होता. म्हणाली, "तुम्ही मामा नाहीच, तुम्ही बाईच आहात."

आक्का म्हणाली, "मंग मामाचं जेवान कुनी खायाचं?"

त्या बाईला मी हसले होते. पुतण्याला हसू शकले नाही. म्हणतो, हे आपल्या संस्कृतीत बसत नाही! माझी आजी सांगायची, साहेबाच्या राज्यात शिपाई अशा माणसांना चावडीवर नेऊन लुगडं फेडायला लावायचे आणि गावातल्या बाया त्यांना घरात दडवायच्या. साहेब गेला. त्याची लाज या पोराने उचलून अंगावर घेतली आणि वर त्या लाजेलाच आपली संस्कृती म्हणतो. संस्कृती तर माझ्या शेजारी बसून तंबाखू मळत होती. तिचेच हात याने फोडले.

फोडताना मात्र तो एक विसरला. आमच्याकडे बाईच्या बांगड्या कधी फुटतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आक्काने रक्ताळलेली मनगटं त्याच्यापुढे धरली आणि शांतपणे विचारलं, "कोन मेलं रं?"

शेजारच्या पालातली गिऱ्हाइकं उठून जवळ आली.

"बांगड्या फोडल्यास न्हवं? कोन मेलं त्ये सांग, म्हंजी रडाया बसते."

त्याची आई भाजीची पिशवी टाकून धावत आली. बिचारीचे स्वतःचे बांगड्या भरलेले हात पदराखाली गेले होते. "आक्का, असं वंगाळ बोलू नगं. चाची, भर गं, आदी भर!"

"आय, तिनं भरल्या तर आपल्या घराची पायरी बंद," पुतण्या म्हणाला.

आक्काने त्याच्याकडे पाहिलंही नाही. हात माझ्या मांडीवर ठेवला. "हिरव्या भर. घट्टच."

तो फटफटीला किक मारून निघून गेला. पुढे लग्न झालं. दोन्ही पंगती उठल्या. त्यांत मामा नव्हता, आक्काही नव्हती. दोघं माझ्या पालात एकाच लुगड्यात बसून माझी भाकरी खात होती, आणि एका भाकरीवर उठली.

वण राहिलेत. बांगडी चढवताना मी ते चुकवते. त्या दिवसापासून ती माझ्याकडेच राहते.