भागीबाईची हळवी नागली

जिने बियाणं जपलं, तिचं नाव मी पुरस्काराच्या अर्जात लाभार्थींच्या यादीत टाकलं. सतरावा नंबर. तिच्या वर ज्या सोळा बायका होत्या, त्यांनी बियाणं तिच्याकडूनच नेलं होतं. आणि ज्यांनी त्या पिकाला कधी हात लावला नव्हता, त्या आमच्या संचालकांचं नाव ‘योगदान देणारी व्यक्ती’ या रकान्यात. टायपिंग माझं, इंग्रजी माझं, मूर्खपणाही माझाच.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी नाशिकला एका ग्रामविकास संस्थेत कृषी अधिकारी होतो. अधिकारी म्हणजे एक जीप, तीन रजिस्टरं आणि बीएस्सी अ‍ॅग्रीची पदवी. वडील मखमलाबादला भाजीपाला पिकवायचे. मी शिकून शेतातून सुटलो याचा घरात सगळ्यांना आनंद झाला, आमच्या कोबीला सगळ्यात जास्त.

जगाच्या अन्नसुरक्षेसाठी आणि पोषणासाठी मोठं काम करणाऱ्याला परदेशातली एक संस्था पुरस्कार देते, अशी बातमी संचालकांनी, म्हणजे आमच्या सरांनी, कुठूनतरी आणली. अन्नसुरक्षा म्हणजे सोप्या भाषेत, बाराही महिने घरात पोटभर आणि अंगाला लागेल असं खायला असणं. पेठ तालुक्याच्या डोंगरात ते भाद्रपदात अडायचं. जुनं धान्य संपलेलं, नवं शेतात उभं. त्या दिवसांत लोक कंदमुळांवर भागवायचे नाहीतर मजुरीला दिंडोरीच्या द्राक्षबागांकडे उतरायचे.

भागीबाईच्या घरी मात्र त्या दिवसांत भाकरी असायची. तिची नागली, म्हणजे नाचणी, बाकीच्यांच्या तीन आठवडे आधी काढणीला यायची. लवकर येणाऱ्या जातीला हळवी म्हणतात, उशिरा येणारीला गरवी. भागीबाई दर वर्षी उभ्या पिकात फिरून सगळ्यात आधी पिकलेली कणसं खुडायची आणि पुढच्या वर्षी तीच पेरायची. सासूनं सुरू केलेलं, तिनं वीस-बावीस वर्षं चालवलेलं. आमच्या पुस्तकात याला निवड पद्धत म्हणतात. परीक्षेत मी त्यावर आठ मार्कांचं उत्तर लिहिलं होतं.

बियाणं ती विकायची नाही. मागायला येईल त्या बाईला द्यायची. नेणारीनं काढणीनंतर तेवढंच परत आणायचं आणि पुढच्या पावसाळ्यात एक दिवस तिच्या लावणीला यायचं. एवढीच अट. असं करत ती नागली अकरा गावांत गेली होती. आम्ही काय केलं होतं? अकरा गावांत जाऊन याद्या केल्या होत्या.

“वसंतराव, अर्ज तुम्ही लिहा. तुमची इंग्लिश बरी आहे,” सर म्हणाले.

“योगदान देणारी व्यक्ती कोण लिहू, सर?”

“संस्था मी चालवतो ना?”

मी लिहिलं. आमच्या ऑफिसात गावातल्या माणसाला एकच जागा होती. विहीर खणली, लाभार्थी. शिबिराला आला, लाभार्थी. छत्री वाटली, लाभार्थी. पंधरा वर्षांचे रिपोर्ट याच नमुन्यात होते. त्यातलाच एक समोर ठेवून मी अर्ज तयार केला. भागीबाईचं नाव दिसलं की हात आपोआप त्या रकान्याकडे जायचा.

वर आणखी एक दिवा लावला. सरांना वाटलं, पुरस्कार मिळणारच, तर बियाण्याची पाकिटं काढून तालुक्याला विकावीत. पाकिटावर संस्थेचं नाव आणि खाली ‘सुधारित नागली’. सुधारित हा शब्द मी सुचवला. कुणी सुधारली, कशापासून सुधारली, हे मला कुणी विचारलं नाही आणि मीही स्वतःला विचारलं नाही.

अर्ज पहिल्या चाळणीतून पुढे गेला. खात्री करायला समितीकडून मार्था नावाच्या बाई येणार असं कळलं. पिकांच्या अभ्यासक, पन्नाशीच्या, पायात चिखलाचे बूट. सर, त्या आणि दुभाषा म्हणून मी, असे पेठला भागीबाईच्या पाड्यावर पोचलो. भागीबाईनं अंगणात घोंगडी टाकली होती.

मार्थाबाईंनी अर्ज उघडला आणि नंबर सतरावर बोट ठेवलं. या प्रकल्पातून यांना काय मिळालं, असं त्यांनी विचारलं. मी मराठीत विचारलं.

“कुणाकडनं?” भागीबाई म्हणाली.

“आमच्या संस्थेकडनं.”

तिनं जरा आठवलं. “एक छत्री दिली व्हती. काडी मोडली तिची. आन मिटिंगला च्या.”

सर माझ्याकडे बघत होते. मी इंग्रजीत म्हणालो, सुधारित बियाणं आणि प्रशिक्षण मिळालं.

माझी इंग्रजी बरी होती हे खरंच. मार्थाबाईंनी ते लिहून घेतलं, पण पेन थांबलं. एवढ्या लहान उत्तराचं एवढं चांगलं भाषांतर त्यांना पटलं नसावं. त्यांनी बियाणं बघायला मागितलं.

भागीबाई घरात जाऊन सूप घेऊन आली. सुपात कणसांच्या तीन जुड्या होत्या. तिच्या हळवीची एक, शेजारच्या गरवीची एक आणि मधल्या जातीची एक. मार्थाबाईंनी हसून सरांना विचारलं, यातली तुमची कोणती?

सरांनी चष्मा पुसला. “वसंतराव, तुम्ही दाखवा.”

मी कृषी पदवीधर. मी भाजीवाल्याचा पोरगा. मी जाडजूड, काळपट, छान दिसणारी जुडी उचलली आणि विश्वासानं पुढे केली.

भागीबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिनं ती जुडी माझ्या हातातून काढून घेतली, जशी लहान मुलाच्या हातातून कात्री काढून घेतात तशी.

“ही गरवी हाय. ही पिकती तवर आमी उपाशी मरू,” ती म्हणाली. “तुमची कोनती, आसं इचारलं काय तिनं?”

“हो.”

“तुमची कधी झाली?”

मार्थाबाई मला म्हणाल्या, त्या काय म्हणतात ते सांगा, जसंच्या तसं.

मी जसंच्या तसं सांगितलं. छत्रीपासून सुरुवात केली. सासूचं सांगितलं, खुडलेल्या कणसांचं सांगितलं, लावणीच्या एका दिवसाचं सांगितलं. पाकिटांचंही सांगितलं आणि तेच भागीबाईला मराठीतही सांगावं लागलं, कारण तिला ते माहीतच नव्हतं.

“इकनार?” ती म्हणाली. “माझी नागली, मला न इचारता? आन जिच्याकडं पैसा नाय, तिनं काय करायचं?”

याचं भाषांतर मी केलं. मार्थाबाईंनी तेही लिहून घेतलं.

परतताना जीपमध्ये, सावळघाटात, सर म्हणाले, “सगळंच ट्रान्सलेट करायची गरज नव्हती.”

“सर, अर्ज दुरुस्त करू. नाव भागीबाईचं टाकू. आणि पाकिटं थांबवू.”

“पाकिटं थांबवा. त्या बाई रिपोर्टमध्ये लिहिणारच आहेत. नावाचं तुम्ही बघा. पण तिचा बायोडेटा कुठून आणाल?”

मला वाटलं सर टोमणा मारतायत. ते माहिती देत होते.

मी दुरुस्तीचं पत्र पाठवलं. समितीचं उत्तर सभ्य होतं. उमेदवाराचं शिक्षण, प्रकाशित शोधनिबंधांची यादी आणि दोन शास्त्रज्ञांची शिफारसपत्रं जोडा. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि तिसऱ्यांदा माझं डोकं फिरलं. उपाशी महिन्यात अकरा गावांना खाऊ घालणाऱ्या बाईला तुम्ही निबंध मागता? पुरस्कार अन्नाचा आहे की कागदाचा? पिकवणारीनं लिहिलं नाही म्हणून तिनं पिकवलंच नाही? आणि हे असं लिहिणाऱ्यांना मी कुठल्या तोंडानं बोलणार होतो, तिला सतरा नंबरवर बसवणारा मीच ना.

तरी फॉर्म भरला. शिक्षण : नाही. शोधनिबंध : नाहीत. गावं : अकरा. शिफारसपत्रांच्या जागी त्या सोळा बायकांचे अंगठे घेऊन जोडले. अर्ज अपूर्ण असल्याचं कळवण्यात आलं. त्या वर्षीचा पुरस्कार दुसऱ्या कुणाला मिळाला, त्यांचं काम चांगलंच असणार. सरांनाही काही मिळालं नाही, एवढा न्याय झाला. छापलेल्या पाकिटांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आम्ही दोन वर्षं जीपच्या फेऱ्या लिहिल्या.

नोकरीत मी यातून एवढंच शिकलो की फॉर्ममधला रकाना भरण्याआधी तो कुणी आखलाय ते बघावं. हे शिकून माझं प्रमोशन झालं नाही.

ज्येष्ठात मी भागीबाईला निकाल सांगायला गेलो. ती राबासाठी, म्हणजे रोपं तयार करायच्या तुकड्यासाठी, बियाणं काढत बसली होती. दोन बायका टोपल्या घेऊन आल्या होत्या. मी म्हणालो, पुरस्कार नाही मिळाला.

“बरं,” ती म्हणाली आणि मापटं भरत राहिली.

मला वाईट वाटत होतं. काहीतरी करावं असं वाटत होतं. म्हणालो, “भागीबाई, मलाही मूठभर द्या. वडिलांच्या शेतात लावून बघतो. लावणीला येईन की एक दिवस.”

टोपल्यावाल्या दोघी हसल्या. भागीबाई हसली नाही. तिनं मापटं दुसरीच्या टोपलीत रिकामं केलं आणि म्हणाली,

“तुला नाय द्यायची, सायेब. तू पेरायचा नाय, लिवत बसशील.”