टेलरअण्णांचं सर्वांत लहान गिऱ्हाईक

टेलरअण्णा माप घ्यायच्या आधी अपमान करायचे. टेप गळ्यात असायची, पण ती नंतरची गोष्ट. आधी चष्म्यावरून वरपासून खालपर्यंत बघणार आणि मग निकाल देणार. बदली होऊन मी म्हैसूरला आले आणि चौथ्याच दिवशी ब्लाउजपीस घेऊन त्यांच्यासमोर उभी राहिले, तेव्हा म्हणाले, "उजवा खांदा खाली आहे तुमचा. ऑफिसला पर्स नेता की विटा?" मी पुण्याची. मला ऐकून घ्यायची सवय नाही, ऐकवायची आहे. म्हटलं, "खांदा देवानं दिला तसा आहे. तुम्ही ब्लाउज नीट शिवा म्हणजे झालं." "देव माप घेत नाही बाई," ते म्हणाले, "म्हणून तर आमचं दुकान चालतं."

त्यांचं खरं नाव मुकुंदराव. घराणं किती पिढ्या म्हैसुरात आहे हे त्यांना स्वतःलाही धड सांगता यायचं नाही. घरात मराठी, दुकानात कन्नड आणि राग आला की दोन्ही एकदम. पुढच्या खोलीत दुकान, मागे ते आणि त्यांच्या पत्नी अक्का, आणि वरच्या दोन खोल्यांत भाडेकरू मी. माझ्या बोलण्याला ते 'रेडिओवरची मराठी' म्हणत. कपडे कधी मिळतील असं विचारलं की उत्तर ठरलेलं, "गुरुवारी." कुठल्या गुरुवारी, हे विचारणं असभ्यपणाचं समजलं जाई.

गळ्यात तुळशीची माळ. त्यामुळे मांसमच्छी सोडाच, अंडं घातलेला केकसुद्धा उंबऱ्याच्या आत यायचा नाही. एवढ्या सात्त्विक माणसाची जीभ इतकी तिखट कशी, असं मी अक्कांना एकदा विचारलं. त्या म्हणाल्या, "कांदा-लसूण पण सोडलंय की त्यांनी. कुठूनतरी बाहेर पडायला नको काय?"

आता माझ्या शहाणपणाकडे येते. ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलावर जवळच्या येलवाल गावच्या एक बाई बसायच्या. त्यांनी घरच्या कोंबडीची सहा अंडी मला खायला आणून दिली. मी ती खाल्ली असती तर हे लिहायची वेळ आली नसती. पण मी अंडी उबवायची पेटी ऑनलाइन मागवली. संध्याकाळी घरी आल्यावर कुणीतरी वाट बघणारं असावं, एवढीच माझी इच्छा होती, आणि ती एकवीस दिवसांत पुरी होते असं जाहिरातीत लिहिलं होतं. माळकऱ्याच्या डोक्यावर अंडी उबवायची म्हणजे चोरीचाच मामला. पेटी कपाटामागे लपवली आणि एकवीस दिवस जिन्यावरून साळसूद चेहऱ्यानं ये-जा केली.

सहातलं एकच फुटलं. आमच्या सरकारी ऑफिसच्या कामगिरीशी तुलना करता हा निकाल वाईट म्हणता येणार नाही. पिल्लू वाळलं, पिवळं झालं, फार देखणं झालं आणि उभंच राहीना. दोन्ही पाय दोन बाजूंना फाकलेले, पोट जमिनीला. उठायला बघायचं आणि पाय आणखी लांब सरकायचे. दुसऱ्या दिवशी बुटाच्या खोक्यात घालून जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यानं फोनवरची नजर अर्धवट काढून सांगितलं की आठवड्याभरात पाय असेच पक्के होतात, मग ते कधीच उठत नाही, दाण्यापाण्यापर्यंत पोचत नाही आणि मरतं. "बाजारात पाटीभर मिळतात मॅडम, दुसरं घ्या." सल्ला व्यवहारी होता. मला मात्र घरी परतेपर्यंत रस्ता नीट दिसेना.

दारातच अण्णांनी हटकलं. "काय आहे खोक्यात? पुण्याच्या चपला चिवचिव पण करतात?"

मी झाकण उघडलं. आता माळेचं, देवघराचं, भाडेकराराचं काय काय निघणार म्हणून तयारीत उभी राहिले. पण त्यांनी खोक्यात बोट घातलं आणि तळावरून फिरवलं.

"हे खाली कोण घातलं?"

"मीच. वर्तमानपत्र आहे. पेटीतही तेच होतं. स्वच्छ राहतं म्हणून..."

"गुळगुळीत अस्तर असलं तर कापडसुद्धा जागेवर राहत नाही बाई. हे काल जन्मलंय. पाय रोवणार कुठं, अग्रलेखावर? ह्याला रोग नाही काही. तुम्ही पाडलंय ह्याला."

उलट उत्तर देण्यात माझी हयात गेली, पण त्या दिवशी मी खोक्यातलं वर्तमानपत्र काढून चुरगाळलं. कारण अण्णांचं खरं होतं.

अण्णांनी गळ्यातली टेप काढली आणि पिल्लाचं माप घेतलं. चेष्टा करत नाही, खरोखर घेतलं. पाय सरळ खाली धरले तर दोन्हींत किती अंतर पडतं ते पाहिलं, कागदावर लिहिलं, आणि मऊ इलॅस्टिकची बोटाएवढी पट्टी कापून दोन्ही पायांना हातकडीसारखी घातली, मधे पाऊण इंच सोडून. पहिली पट्टी आवळ झाली ती उसवली. दुसरी सैल. तिसऱ्या वेळी म्हणाले, "ट्रायल ठीक आहे." माझ्या ब्लाउजला एक ट्रायल मिळवण्यासाठी मी दोन महिने हेलपाटे घातले होते! मी फोनवर एका परदेशी माणसाचा पट्टी बांधतानाचा व्हिडिओ दाखवला, तर म्हणाले, "तो इंग्लिशमधून बांधतो. त्याचं पिल्लू ऐकत असेल."

मग कोटाच्या आत घालतात ते खरखरीत कॅनव्हास खोक्यात अंथरलं गेलं. मशीनवरचा पिवळा बल्ब काढून खोक्यावर टांगला. पाण्याची वाटी आली, आणि त्यात पिल्लाचं तोंड बुडू नये म्हणून ओव्हरकोटची चार मोठी बटणं. अक्का दारात उभ्या राहून म्हणाल्या, "देवघर आत, कोंबडी बाहेर. विठ्ठलानं आता जायचं कुठं?" त्यांनी पिल्लाला शेवटपर्यंत हात लावला नाही. पण थोड्या वेळानं एका वाटीत नाचणीची बारीक कणी आणून ठेवली आणि म्हणाल्या, "जास्त झाली होती."

दुसऱ्या दिवसापासून दुकानाचा कारभार बघण्यासारखा झाला. लग्नाचे ब्लाउज पडून, आणि अण्णा अर्ध्या अर्ध्या तासानं पिल्लाला दोन बोटांत उभं धरून पाण्यापर्यंत नेतायत. "उभं राहा. बस म्हणून कोण सांगितलं? सरकारी नोकरीत आहेस काय तू?" हे अर्थातच मला ऐकू येईल अशा आवाजात. गिऱ्हाइकांनी कुरकुर केली की खोक्याकडे बोट दाखवायचे, "हे पण गिऱ्हाईकच. आणि तुमच्यासारखं गुरुवारपर्यंत थांबायची सोय नाही ह्याला." एकदा "स्वल्प, जरा धरा" म्हणून त्यांनी ते माझ्या हातात दिलं. तेवढ्यात माझा फोन वाजला, मी वळले, आणि पिल्लानं वाटीत डोकं घातलं. बटणं होती म्हणून वाचलं. अण्णांनी ते काढून घेतलं आणि स्वतःच त्याचं डोकं पुसत बसले. बोलले असते तर बरं झालं असतं.

पट्टीच्या तिसऱ्या दिवशी एकादशी आली.

त्यांच्या समाजाच्या देवळात एकादशीला सकाळी आठला भजन सुरू व्हायचं ते दिवस मावळल्यावरही चालायचं. तेवढा वेळ वीणा जमिनीला टेकवायची नाही, एकाच्या गळ्यातून काढायची ती दुसऱ्याच्या गळ्यात. पहिला मान अण्णांचा, त्यांच्या आधी त्यांच्या वडिलांचा. मी एकदा बघायला गेले होते. जगाला टोचून बोलणारा हा माणूस वीणा गळ्यात पडल्यावर डोळे मिटून उभा होता आणि चेहरा इतका निवांत, की दुसराच कुणी असावा असं वाटलं. आयुष्यात या एकाच गोष्टीची त्यांनी कधी थट्टा केली नाही.

त्या एकादशीला पहाटेच करंट गेला. बल्ब बंद. मी ऑफिसला निघाले तेव्हा अण्णा आंघोळ करून, धोतर नेसून, कपाळाला बुक्का लावून मशीनसमोर बसलेले, आणि मांडीवर फडक्यात पिल्लू. ते गारठलं होतं. मान टाकली होती. अण्णांनी दोन्ही हातांची ओंजळ करून ते झाकलं होतं आणि मधूनमधून त्यावर फुंकर घालत होते. तेवढ्यात भजनी मंडळाचे अध्यक्ष दारात आले. कापडाचे मोठे व्यापारी, माळ अण्णांच्या माळेपेक्षा जाड.

"मुकुंदराव! गळ्यात माळ आणि मांडीवर कोंबडी?"

"मांडीवर आहे सार, ताटात नव्हे. फरक असतो स्वल्प."

अध्यक्षांना विनोद मानवला नाही. "ते टाका खाली, परत आंघोळ करा आणि चला. आठला तुम्ही नसलात तर पहिली वीणा दुसऱ्याकडे जाईल. आणि एकदा गेली की गेली. मागून बोलायचं नाही."

 अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं, ओंजळीकडे पाहिलं, आणि मग जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या माझ्याकडे. मागितलं काहीच नाही, नुसतं पाहिलं. पिल्लू माझं होतं. पाय मी घालवले होते. आणि मी म्हणाले, "आज ऑफिसात तपासणी आहे हो अण्णा."

तपासणी खरंच होती. पण एक फोन केला असता तर रजा मिळाली असती, हे मला तेव्हाही माहीत होतं.

"जावा बाई, जावा," ते म्हणाले. "तुम्ही नसलात तर सरकार खाली बसेल." मग अध्यक्षांना म्हणाले, "तुम्ही आठला सुरू करा सार. विठ्ठलाला माझा पत्ता माहीत आहे."

मी गेले. दिवसभर तपासणी अधिकाऱ्यांना चहा दिला आणि हो हो म्हटलं. माझ्यावाचून काय अडलं असतं ते मला आजतागायत समजलेलं नाही.

संध्याकाळी परत आले तेव्हा देवळाच्या कर्ण्यावरून भजन ऐकू येत होतं आणि अण्णा त्याच जागी होते. "नाही मेलं," ते तक्रार केल्यासारखं म्हणाले. "दुपारी दोनला आला करंट. हात आखडले माझे. अक्कानं उपासाचं भरवलं मला, लहान पोरासारखं." बल्बखाली पिल्लू नाचणी टिपत होतं. मी तिथंच स्टुलावर बसून रडले. अण्णा म्हणाले, "कॅनव्हास भिजवू नका, कोटाचं आहे."

पाचव्या दिवशी त्यांनी पट्टी कात्रीनं कापली. पिल्लू उभं राहिलं आणि पडलं. पुन्हा उठलं, पुन्हा पडलं. दाराशी तीन गिऱ्हाइकं, मी आणि लांबून अक्का, सगळे श्वास रोखून. अण्णा मात्र दोरा ओवत बसले होते आणि त्यांना सुईचं नेढंच सापडत नव्हतं. मग ते एकदाचं उठलं आणि चाललं. डावा पाय जरा बाहेर टाकत, पण चाललं, थेट वाटीपर्यंत. "डावीकडे अर्धा दोरा चूक राहिली," अण्णा म्हणाले, आणि चष्मा काढून बराच वेळ पुसत राहिले.

पिल्लाची पुढे झकास कोंबडी झाली. मागच्या अंगणात हिंडायची आणि अण्णांसकट सगळ्यांना टोचायची. वीणेचा पहिला मान अध्यक्षांच्या साडूंकडे गेला, योगायोगानंच असणार. अण्णा पुढच्या एकादशीला गेले आणि मागच्या रांगेत टाळ घेऊन उभे राहिले. त्यानंतर गेलेच नाहीत. कोंबडी अंडी द्यायला लागली तेव्हा या घरात त्यांचं काय करायचं हा धर्मप्रश्न उभा राहिला, पण तो आपोआप सुटला. अध्यक्षांच्या सूनबाई मागच्या दारानं स्टीलचा डबा घेऊन यायला लागल्या. नातवाची तब्येत नाजूक होती म्हणे. अण्णा स्वतः डबा भरून द्यायचे आणि दर वेळी सांगायचे, "सावकाश न्या हो. माळेला लागेल."

तीन वर्षांनी माझी बदली झाली. सामान गेलं, रिक्षा यायची होती. अण्णा मागच्या अंगणात पायरीवर बसले होते, कोंबडी समोर माती उकरत होती. तीन वर्षं जे विचारायची हिंमत झाली नव्हती, ते विचारलं. "अण्णा, वीणेचं वाईट वाटतं?"

मला वाटलं, एखादा टोमणा येईल आणि मी सुटेन.

"वाटतं की," ते म्हणाले. "सुम्ने उगाच खोटं कशाला बोलू? फार वाटतं. एकादशीला मशीन चालवत नाही मी. देवळातला आवाज इथपर्यंत येतो. ऐकत बसतो."

"चूक माझी होती. मी थांबायला हवं होतं त्या दिवशी."

"पाहिजे होतं," ते म्हणाले.

"मग तुम्ही तरी का नाही गेलात?"

ते कोंबडीकडे बघत राहिले. डावा पाय बाहेर टाकत ती तुळशीपर्यंत गेली आणि परत फिरली.

"वीणा धरायला रांग होती बाई. कुणीतरी धरलीच, खाली पडू दिली नाही," अण्णा म्हणाले. "हे पडलं असतं."