न कळणाऱ्याचा खडू

आमच्या इंजिनीअरिंग कॉलेजच्या तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला, एक खोली रिकामी पडून होती. मोडकी बाकं, काळा फळा आणि कबुतरं. तिसऱ्या वर्षाला असताना आम्ही सहा-सात जणांनी ती विभागप्रमुख सरांकडून मागून घेतली. दर शनिवारी तिथे जमायचं, आपलं आपण शिकायचं आणि हाताने काहीतरी करून बघायचं, एवढाच बेत. शिकवायला कुणी नाही, हजेरी नाही. सरांनी खोली दिली ती नाक मुरडूनच. वर्षाअखेरीला चालणारं काहीतरी करून दाखवा, म्हणाले, नाहीतर मला उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायला जागा हवीच आहे.

खोलीचा नियम एकच होता. ज्याला कळलेलं नाही, त्याने खडू घ्यायचा. ज्याला कळलंय त्याने बाकावर बसून नुसतं सांगायचं, फळ्यावर लिहायचं ते अडलेल्याने. म्हणजे कुठे अडलंय ते सगळ्यांना दिसतं. हे डोकं पंचवटीतल्या एका मित्राचं. त्याच्या घरी पिढ्यानपिढ्या यात्रेकरूंचे विधी चालतात. तो म्हणायचा, आमच्याकडे गुरुजी नुसते सांगतात, हात यजमानाचेच चालतात.

मला हा नियम मुळीच आवडला नव्हता. मी नाशिक रोडची, वडील सरकारी नोकरीत, बारावीपर्यंत वर्गात पहिली-दुसरी, आणि इथे एम-थ्री नावाच्या गणितात दोनदा उडालेली. घरी सांगितलं होतं की पेपरच भलता अवघड होता. चारचौघांत खडू घेऊन उभं राहायचं म्हणजे स्वतःच स्वतःची शोभा करून घ्यायची. पहिल्या शनिवारी मी तो खडू रागाने खिडकीबाहेर भिरकावला होता. पण पाचव्या की सहाव्या शनिवारी झक मारत उभी राहिले, आणि गणित मांडता मांडता लक्षात आलं की माझं घोडं अकरावीतल्याच एका सूत्रापाशी अडलं होतं. सगळे हसले. मीही हसले. तिसऱ्या खेपेला पेपर निघाला. त्या खोलीवर माझा जीव जडला तो तेव्हापासून. ती गठ्ठ्यांच्या घशात जाणार या विचाराने माझं डोकं फिरायचं.

करून दाखवायला आम्ही कांदा निवडला. आमच्यातल्या एका मैत्रिणीचं घर नांदगावकडे, शेतीचं. कांदा साठवायला त्यांची मोठी चाळ आहे, जाळीच्या भिंतींची, हवा खेळती राहावी म्हणून जमिनीपासून उचललेली. आत कुठेतरी एखादा कांदा सडायला लागतो आणि कळेपर्यंत शेजारचेही गेलेले असतात. म्हणून सडका वास आला की वाजणारी एक डबी आम्ही बनवली. पंचवटीचा मित्र म्हणाला, गरम हवा वर जाते, तिच्याबरोबर वासही जाणार, तेव्हा डबी वर टांगू. माझ्या मनात आलं, सगळीकडून उघड्या चाळीत वास वरच कशाला जाईल? तेव्हा खडू उचलायला हवा होता. पण मी नुकतीच पास होऊन हुशारांत जमा झाले होते, आणि ते सुख मला सोडवेना. मी मान डोलावली. बंद खोक्यात डबी छान वाजलीही.

दाखवायच्या शनिवारी मैत्रिणीचे वडील स्वतः एक गोणी कांदे घेऊन आले. आम्ही लाकडाची आणि जाळीची छोटी चाळ केली होती, तिच्या तळाशी त्यांनी एक सडका कांदा ठेवला आणि वर चांगले ओतले. सर घड्याळाकडे बघत उभे होते. बाहेर आमचे शिपाई, ज्यांना सगळं कॉलेज मामा म्हणायचं, गठ्ठ्यांची पहिली खेप घेऊन दाराशी येऊन ठेपलेसुद्धा होते.

वास सरांना आला, मामांना आला, जिन्यातल्या पोरांनाही आला. डबीला तेवढा आला नाही.

मित्र घामाघूम होऊन वायरी चाचपायला लागला. मला त्याचा राग आला, मग लक्षात आलं की राग माझाच यायला हवा. मी खडू उचलला.

"सर, वायरी ठीक आहेत. डबी वर का, हे मला महिनाभर कळलेलं नाही. मी खोटी मान डोलावली."

मैत्रीण हळूच म्हणाली, तिलाही तेच वाटलं होतं, पण मी मान डोलावली म्हणून तिने डोलावली. आणि मित्र म्हणाला, त्याचीही खात्री नव्हती, आमच्या माना बघून तो निर्धास्त झाला होता. इतक्या हुशार माणसांनी मिळून इतका साधा गाढवपणा केला होता.

मी मैत्रिणीच्या वडिलांना, काकांना, बाकावर बसवलं आणि विचारलं. ते सांगत गेले, मी फळ्यावर काढत गेले.

"पोरी, चाळीत वारं आडवं वाहतं. वास वर चढायला थांबत नाय, वाऱ्यासंगं आडवा निघून जातो. तुमची डबी वर बसून काय करणार?"

खिडकीतून वारा येत होता. आम्ही डबी पलीकडे, चाळीतून वारा बाहेर पडत होता त्या बाजूला, जाळीलगत, खाली बांधली. मिनिटभर सगळे श्वास रोखून उभे. मग ती अशी कोकलली की कबुतरं उडाली, आणि आम्ही काकांसकट नाचलो. इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता.

सर मात्र फळ्यावरची माझी वाकडीतिकडी चाळ बघत होते. ठरल्या वेळी आमचं यंत्र चाललं नव्हतं, हे खरंच होतं. ते दाराकडे गेले.

गठ्ठे माझ्या केबिनमध्ये लावा, त्यांनी मामांना सांगितलं. मामा म्हणाले, सर, तिथे एवढे गठ्ठे लावले तर तुम्हाला बसायला जागा उरायची नाही.

"मग शनिवारी मी इथे बसेन," सर म्हणाले.