प्रभावतीचा गवती मांडव

प्रभावती आमच्याकडे तुळशीची माळ आणून द्यायला लागली तेव्हा मी नवी नवरी होते. सासूबाईंना ती अम्माजी म्हणायची आणि मला बहूजी. सासूबाईंना जाऊन बारा वर्षं झाली, माझ्या डोक्यावर काळा केस शोधावा लागतो, तरी मी अजून तिची बहूजीच. तिचं मराठी काशीत, दुर्गाघाटाच्या आमच्या गल्लीत, दारोदार माळा देता देता शिकलेलं. तोंड मात्र तिचं स्वतःचं. एकदा आमचे हे म्हणाले, देवघरातल्या रामाला माळ आखूड झाली. तर म्हणते, "भैयाजी, माळ तेवढीच आहे. तुम्हीच रामजींना शिकरण फार चारता."

गंगेपलीकडे तिचा जमिनीचा लहानसा तुकडा, त्यात तुळस आणि झेंडू. नवरा वीटभट्टीवर कामाला होता. छातीचं दुखणं घेऊन परत आला आणि चार वर्षांनी गेला. मग तिने गावातल्या बायका जमवल्या. कुणी विधवा, कुणी सासरी नव्याने आलेली. सगळ्या मिळून सातजणी, त्यात तिची सून सोनमती. पंधरा मराठी घरांच्या माळा ह्या सातजणींच्या हातच्या.

ह्या माळांचा एक नियम आहे. माळ ओवून होईपर्यंत तोंडात पाण्याचा थेंब घ्यायचा नाही. नियम आमच्या सासूबाईंनीच घालून दिलेला, मग बाकीच्या घरांनीही धरलेला. तेव्हा त्याचा कुणाला जाच नव्हता. पहाटे खुडायचं, आठच्या आत ओवायचं, मग सावकाश चहापाणी. नऊला माळ आमच्या दारात.

गेल्या सहा-सात वर्षांत सगळं बिघडलं. चैत्रातच लू, भाजणारा गरम वारा, सुटते. तुळशीची पानं कडेने करपतात, मंजिऱ्या धरत नाहीत. पूर्वी दोन वाफ्यांत टोपली भरायची, आता सगळं रान पालथं घालावं लागतं. ओवायला बसेपर्यंत ऊन डोक्यावर येतं आणि माळ होते अकरा-साडेअकराला. आम्ही आमची आरती बाराला नेली. आमचं निभलं. त्या बायकांचं काय, हे माझ्या मनातही आलं नाही. देवासमोर बसून लिहिते आहे म्हणून खरं लिहिते.

मागच्या ज्येष्ठात सोनमती वाफ्यातच कोसळली. लघवीला जळजळ, ताप, कंबर धरलेली. डॉक्टरने सांगितलं, पाणी पीत जा. त्यानंतर प्रभावतीने स्वतःच्या डोक्याने एक गोष्ट केली. वाफ्याच्या कोपऱ्यात बांबू रोवून नदीकाठच्या सरपत गवताचा मांडव घातला, त्यावर ओलं गोणपाट टाकलं. खाली एकात एक अशा विटांच्या दोन भिंती, मधे ओली वाळू, आत फुलं. फुलं संध्याकाळपर्यंत टवटवीत राहिली. पण जागा दोघींपुरतीच. बाकीच्या पाळीपाळीने येऊन त्या विटांना पाठ टेकायच्या.

ह्या माघात कळलं, की हवामान बदलल्यामुळे बायकांच्या तब्येतीला आणि शेतीला जो त्रास होतो, त्यावर गावातच उपाय शोधणाऱ्यांना एक संस्था पैसे देते. प्रभावती कागद घेऊन माझ्याकडे आली. "बहूजी, तुम्ही लिहा. सातजणी बसतील एवढा मांडव, एक हातपंप आणि एक आडोसा. बस."

आडोसा कशाला, ते मी विचारलं.

"अरहर, तुमची तूर, उभी असायची तेव्हा बायकांची सोय होती. आता पीकच उभं राहत नाही. पाणी पाजाल, पण मग जायचं कुठे?"

सोनमतीला तेव्हा तिसरा महिना होता. वैशाखाच्या आत मांडव व्हायला हवा, एवढंच प्रभावतीला हवं होतं. मी अर्ज लिहिला.

संस्थेकडून पाहणीला आली देवयानी नावाची मुलगी, मूळ पुण्याची; मीही तिच्याबरोबर वाफ्यावर गेले. इतक्या वर्षांत गंगेपार पुण्याकडचं मराठी कधी कानावर पडलं नव्हतं. मला बोलण्याचं भरतंच आलं. तिने मांडव पाहिला, विटांना हात लावला, "काकू, किती साधं आणि किती छान!" म्हणाली. प्रभावतीचा चेहरा असा फुलला होता म्हणून सांगू. आणि मी, शहाणी, अभिमानाने बोलून गेले, "अगं, नुसता मांडव काय बघतेस? ह्यांची निष्ठा बघ. देवाची माळ पुरी होईपर्यंत पाण्याचा थेंब घेत नाहीत ह्या. आमच्या घरचा नियम आहे."

देवयानीने ते लिहून घेतलं.

चैत्र संपताना पत्र आलं. फुलं ताजी ठेवायचा उपाय चांगला आहे म्हणे. पण बायकांच्या आजाराचं कारण हवामान नसून त्यांच्यातली प्रथा आहे, म्हणून ही मदत ह्या कामाला देता येत नाही. आधी बायकांची प्रथेबद्दल समजूत घालावी.

मी देवयानीला फोन केला. नियम जुना आहे गं, ऊन नवीन आहे, असं सांगितलं. ती म्हणाली, "मला पटतंय काकू, पण निर्णय वरून झाला आता." मुलगी वाईट नव्हती.

प्रभावती आली तेव्हा मी तिला आधी म्हटलं, "उद्यापासून पाणी पिऊन ओवा. आमच्या रामाला चालेल. मी सांगते ना."

"तुमच्या रामजींना चालेल हो. बाकी चौदा घरांना? कळलं तर माळ उंबऱ्यावरून परत. आणि माझेच हात चालणार नाहीत बहूजी. बत्तीस वर्षं झाली." मग म्हणाली, "सोनमती कालपासून सरकारी दवाखान्यात आहे. सलाईन लावलंय. बाळाचं अजून काही सांगत नाहीत."

मी पत्र वाचून दाखवलं. 

"म्हणजे आम्ही पाणी प्यायलो असतो तर मांडव मिळाला असता?"

"तसंच दिसतंय."

"आणि ऊन? उन्हाचं काय लिहिलंय?"

मी पत्र उलटूनसुद्धा पाहिलं. मागे कोरं होतं.

"काही नाही लिहिलेलं."

ती पायरीवर बसून टोपलीतली तुळस वर-खाली करू लागली. मी पाण्याचा तांब्या पुढे केला. सोनमती नव्हती, तीन घरांच्या माळा अजून ओवायच्या राहिल्या होत्या. तिने तांब्याला नमस्कार केल्यासारखा हात लावला, तो बाजूला सरकवला आणि टोपली उचलून गल्लीत उतरली.