आबांना न चावणारी चप्पल

कोल्हापुरात राहून पायात कोल्हापुरी नसणं मला फार वर्षं तिखट न खाण्यासारखं वाटायचं. चालतं, पण सांगायचं कुणाला? म्हणून उन्हाळा लागला की घरातल्या सगळ्यांना कोल्हापुरी आणायची, हा माझा शिरस्ता. सगळे म्हणजे मी, बायको, कॉलेजात जाणारी मुलगी आणि माझे वडील, आबा. आम्ही बसून राहणारी माणसं नाही. उन्हाळाभर दर रविवारी सकाळी लवकर पायथ्याच्या केर्ली गावात गाडी लावायची आणि जोतिबाचा डोंगर पायी चढायचा, हा नाद आबांनीच लावलेला. आबा मूळचे कोडोलीचे, निम्मा जन्म उसाच्या सरीत अनवाणी गेलेला. आता आमच्याकडे असतात. साखरेचा आजार आहे, त्यामुळे गोड बंद, भात चिमूटभर. रविवारचा डोंगर तेवढा राहिलाय. "तेवढं काढून घिऊ नका रं," म्हणतात, "मग मला नुसतं सोफ्यावर मांडून ठेवायचं हाय."

यंदा चपला आणायला मी एकटाच गेलो. नेहमीच्या कारागिरांनी विचारलं, "आबांचं माप?"

"नऊ नंबर."

"नंबर न्हवं वो. पाय कुठं हाय? घिऊन या की आबास्नी."

"अहो, आबांचे पाय म्हणजे डोंगराच्या पायऱ्या. त्यांना काय होतंय?"

त्यांनी मान हलवली आणि चप्पल बांधून दिली. गिऱ्हाईक एवढं हुशार असल्यावर ते तरी काय करणार?

नवी कोल्हापुरी आधी तेल पाजून, घरात घालून मऊ करायची असते. तोवर ती चावते. आमच्याकडे तो आठवडा चावण्याचाच होता. मुलीच्या अंगठ्याला पट्टी, बायकोच्या टाचेला पट्टी. मी "मला काही नाही" म्हणत गॅलरीत कपडे वाळत घालायला एका पायावर जात होतो. आबा मात्र मजेत.

"मला कुठं चावतीय? लोण्यागत हाय."

झालं! मी ते अख्ख्या बिल्डिंगला सांगितलं. 'खरी चप्पल मातीतला पाय ओळखते' असं एक वाक्यही रचलं आणि तीन मजल्यांवर वापरलं.

मंगळवारी संध्याकाळी फरशी पुसताना बायकोला दारापासून आबांच्या खुर्चीपर्यंत तांबूस ठिपके दिसले. आमसुलाचं पाणी सांडलं म्हणून आधी मुलीला बोलणी बसली. मग बायकोनं आबांची उजवी चप्पल उचलून पाहिली. अंगठ्याच्या जागी कातडं काळं पडलं होतं, ओलं होतं. ती तशीच खाली बसली आणि आबांचा पाय मांडीवर घेतला. अंगठ्याच्या आतल्या बाजूला फोड फुटून रुपयाएवढी जखम झाली होती.

"आबा, दुखत नाही?"

आबा लसूण सोलत होते. वाकून बघितलं, शेजाऱ्याचा पाय बघावा तसं. "आरं तिच्या! हे कवा झालं?"

बायकोनं माझ्याकडं बघितलं. हळूच म्हणाली, "अहो, चप्पल चावत नव्हती असं नाही. आबांना कळत नव्हतं."

डॉक्टरांनी तेच सांगितलं. साखरेनं तळपायाची जाणीव गेलीय. तीन आठवडे चालणं बंद. जखम भरली तर ठीक, चिघळली तर डोंगर विसरायचा, आणि नुसता पाय वाचला तरी देवाला नारळ फोडायचा. दवाखान्यातून बाहेर पडल्यावर आबांनी एवढंच विचारलं, "तीन आठवडे म्हंजे किती रविवार गेले?"

दुसऱ्या दिवशी मी कारागिरांकडं गेलो. खरं सांगायचं तर निम्मा दोष त्यांच्या गळ्यात टाकायलाच गेलो होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मी म्हनलोतो की, पाय घिऊन या. जखम भरली की आणा त्यास्नी. सांजचं आणा. दिसभरात पाय फुगतोय, त्योच खरा पाय."

तीन आठवडे बायको रोज ड्रेसिंग करत होती आणि मी हातात टॉर्च धरून उभा असायचो. घरात एवढाच हुद्दा मला उरला होता. जखम भरली. डॉक्टरांनी मान डोलावली, तसं त्याच संध्याकाळी चौघं दुकानात गेलो.

कारागिरांनी आबांना वर्तमानपत्रावर उभं केलं, पेन्सिलीनं दोन्ही पाय आखले. "उजवा थोरला हाय." मग तो कागद घडी करून खिशात घातला, गल्ल्यावर स्वतःच्या बायकोला बसवलं आणि आम्हाला घेऊन चार दुकानं पुढं सँडलच्या दुकानात शिरले.

"माझी चप्पल ह्यांच्यासाठी न्हाय," म्हणाले. जन्मभर कोल्हापुरी शिवलेला माणूस हे म्हणतोय, मला खाली बघायची पाळी आली.

एकेक सँडल घेऊन ते आत हात घालायचे आणि बोटं फिरवायचे. "हितं शिवण टोचतीया. ठेवा." "ह्यो तळ मधनंच दुमडतोय. बोटांजवळ वाकाय पायजे." "मागं पट्टा न्हाय, मग माणूस बोटं आवळून चालतोय." आणि माझ्याकडं वळून, "त्यांच्या पायाला कळत न्हाय, तर आपल्या हातानं कळवून घ्यायचं. रोज."

शेवटी पसंत पडली ती तीन चिकटपट्ट्यांची, करड्या रंगाची, जाडजूड. आबा म्हणाले, "ही काय रिक्षाची सीट हाय व्हय?" मुलीनं चौघांनाही तीच घ्यायला लावली.

पुढच्या रविवारी आम्ही डोंगर चढायला लागलो. निम्म्यात एका झाडाखाली मी आबांना बसवलं आणि पुढ्यात उकिडवा बसलो. पट्ट्या सोडल्या, सुती मोजा काढला, तळव्यावरून हात फिरवला, बोटांच्या बेचक्या बघितल्या. पन्नाशी गाठली, पण वडिलांचा पाय एवढा वेळ कधी हातात घेतला नव्हता. दिवाळीला वाकायचं, हात लावायचा, की झालं.

"उठ रं, लोकं बघायल्यात," आबा पुटपुटले. "पाया पडायचंच हाय तर वर देव हाय की."

"गप्प बसा, आबा."

मी दुसराही पाय बघितला. आबा आता थट्टा करत नव्हते. माझ्या तोंडाकडं बघत होते. त्या पायांत काय चाललंय हे त्यांना माझ्याकडूनच कळणार होतं.

"हाय का काय?"

"काही नाही."

"नीट बघ."

"बघितलं, आबा. कोरडा ठणठणीत आहे."

त्यांनी मोजे चढवले, पट्ट्या स्वतःच्या हातानं दाबून बसवल्या आणि उठले.

"मग बसलायस काय? ऊन व्हायलंय."