टोकाच्या वाडीला आधी

रविवारी सकाळी सांडोर गावातून फोन आला की इनास सर पहाटे झोपेतच गेले. मी तसाच स्कूटर काढून निघालो, आणि त्यांच्या ओट्यावर पोचल्यावर सगळे माझ्या हाताकडे का बघताहेत तेच कळेना. हातात पाण्याचा रिकामा कॅन होता. रविवार म्हणजे कॅन, एवढंच त्या हाताला ठाऊक. मयताच्या घरी लोक फुलं घेऊन येतात, मी कॅन घेऊन गेलो. सरांच्या पत्नी रेमेतबाईंनी तो माझ्याकडून घेतला आणि दाराआड ठेवला…

आमची ओळखही अशीच, माझ्या फजितीतून झालेली. नव्वदच्या दशकात मी तुळिंजला एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर नुकताच राहायला आलो होतो. घरात नळ होते, नळांत पाणी नव्हतं. टँकर येई तेव्हा येई. राजकीय विचार मात्र माझ्यापाशी भरपूर. पाणी सगळं सरकारच्या मालकीचं झालं पाहिजे, हे मी भेटेल त्याला ऐकवत असे. एका सभेत इनास सर भेटले. ते शाळेत विज्ञान शिकवायचे आणि उरलेला वेळ केळीच्या वाडीत काढायचे. आमच्या वाडीत या, तिथे बोलू, म्हणाले. गेलो. केळीच्या पानांतून झिरपणारा हिरवा उजेड, कुठेतरी पाटाचं पाणी वाजतंय, पंख पसरून चतुर हवेत नुसते थांबलेले… त्या गुंगीत मालकी हक्कावर बोलत बोलत मी समोरच्या गवतावर पाऊल टाकलं. ते गवत नव्हतं. ते बावखल होतं, वाड्यांना पाणी पुरवणारं जुनं तळं, वर हिरवं शेवाळ दाटलेलं. सरांनी मला बांबूने बाहेर ओढलं आणि अत्यंत आदराने विचारलं, "सावंत, सरकारला पोहता येतं का?"

पुढची कित्येक वर्षं आम्ही त्याच काठावर बसून भांडलो. सरांचं सगळं राज्यशास्त्र त्या बावखलाच्या दोन नियमांत मावत असे, आणि दोन्ही त्यांच्या आजोबांच्याही आधीचे. पाणी सोडायचं ते टोकाच्या वाडीला आधी. जवळच्याने शेवटी घ्यायचं, कारण जवळच्याला ते निदान दिसत तरी असतं. आणि बावखलाबद्दल काही ठरवायचं तर ज्याची ज्याची पाण्याची पाळी आहे त्या प्रत्येकाचा होकार हवा. एकाने नाही म्हटलं की थांबायचं. मतं मोजायची नाहीत. एकदा नुसतं कुंपण कुठून घालायचं यावर भाऊबंदांचा अख्खा उन्हाळा गेला, आणि चहा करून करून रेमेतबाई माहेरी निघून गेल्या. अशाने देश चालणार नाही, मी म्हणे. देशाचं मला माहीत नाही, केळी येतात, ते म्हणत.

मग एका उन्हाळ्यात टँकरवाला बावखलाचं पाणी मागायला आला. भाऊबंद तयार होते, सरांचे चुलतभाऊ बस्त्याव तर सगळ्यांच्या आधी. एकटे सर नाही म्हणाले. पंप लागला की बावखल तळाला जाणार आणि खालून समुद्राचं खारं पाणी आत शिरणार, मग कोणालाच काही उरणार नाही, हे त्यांचं म्हणणं. इकडे आमची बिल्डिंग कोरडी ठणठणीत. मी तावातावाने सांडोरला गेलो.

"टोकाच्या वाडीला आधी ना, सर? मग टोकाची वाडी आम्ही. तुळिंज."

सर उठून पाट बघायला निघून गेले. वादात मी त्यांना पहिल्यांदाच हरवलं होतं. घरी येताना शीळ घालत आलो.

पुढच्या रविवारी बेल वाजली. दारात सर, घामाघूम, सायकलवरून आणलेला कॅन खांद्यावर. "तुमचा मुद्दा बरोबर होता," धाप लागली असताना म्हणाले. "सगळ्यांना विचारलं. टँकरला नाही. पण तुळिंजला पाळी दिली."

आपला मुद्दा मान्य करायला कोणी चार जिने चढून यावं, याची सवय वादपटूंना नसते. मी तो नुसता जिंकण्यासाठी मांडला होता, हे सांगायचं राहून गेलं. दर रविवारी कॅन येत राहिला. एका कॅनने बिल्डिंगचं काय होणार? पण माझी बायको त्यातला पहिला तांब्या पॅसेजच्या टोकाच्या घरी देऊ लागली, तिला कोणी सांगितलं नव्हतं. पुढे सरांचे गुडघे गेले, तेव्हा मी स्कूटरवरून जाऊ लागलो.

गेल्या रविवारी चर्चमध्ये त्यांची महिन्याची मिसा, म्हणजे प्रार्थना, झाली. नंतर सगळे वाडीत बसलो. टँकरवाला परत येऊन गेला होता. बस्त्याव एकेकाला विचारत होते, माना हलत होत्या. रेमेतबाईही थकलेल्या आवाजात म्हणाल्या, माझी ना नाही. मी पाव चावत खाली बघत होतो. सर गेले, आता संपलंच.

"सावंत, तुमचं काय?" बस्त्याव माझ्याकडे वळले. "तुळिंजची पाळी हाय ना."

पाव मी खाली ठेवला. घरी तेव्हाही नळ कोरडेच होते. हो म्हटलं असतं तर बिल्डिंगने हार घातला असता. समोर बावखल होतं, तसंच गवतासारखं, चतुर तसेच थांबलेले… मी नाही म्हणालो. आवाज इतका बारीक निघाला की बस्त्यावनी पुन्हा म्हणायला लावलं. पुन्हा म्हणालो. आता हे चिडणार म्हणून मी सावरून बसलो, तर त्यांनी हनुवटी खाजवली.

"मग थांबू," म्हणाले, आणि उठून टोकाच्या वाडीचा पाट मोकळा करायला गेले.

निघताना रेमेतबाईंनी दाराआडचा कॅन आणून दिला, काठोकाठ भरलेला. "चौथा मजलाच ना अजून?" एवढंच विचारलं. मी तो स्कूटरवर पायांशी ठेवला. झाकण नीट लावायचं विसरलो होतो. तुळिंज येईपर्यंत दोन्ही बूट भिजून गेले, पहिल्या दिवशी भिजले होते तसेच.